‘ब्राउझरमध्ये तर उघडतंय की!’: पायथॉनमधून वेब रिक्वेस्ट अडते तेव्हा

“काका, ब्राउझरमध्ये तर उघडतंय की! मग कोडमधून का नाही?” हे वाक्य मी पुतण्याकडून ऐकलंय, ऑफिसातल्या नव्या मुलांकडून ऐकलंय आणि, खोटं कशाला बोला, रात्री दीडला स्वतःशीही पुटपुटलोय. काम साधंच असतं. पायथॉनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी घ्यायची, कुठून तरी बाजारभाव, हवामान किंवा एखाद्या एपीआयचं (प्रोग्रामला डेटा मागता यावा म्हणून साइटने केलेली सोय) उत्तर आणायचं, फाइलमध्ये ठेवायचं. पण अडतं ते दर वेळी त्याच आठ-दहा ठिकाणी. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने करा.

लक्षणं

• ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतं, पण पिपला (पायथॉनच्या लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला) विचारलं तर ते म्हणतं, लायब्ररी आधीच इन्स्टॉल आहे.
• लायब्ररी सापडते, पण तिच्यात ‘गेट’ नावाचं काही नाहीच असं सांगते. शेपटीला ‘सर्क्युलर इम्पोर्ट’चा उल्लेख.
• स्क्रिप्ट सुरू होते आणि गप्प बसते. एरर नाही, उत्तर नाही.
• ‘एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू, लाइन १ कॉलम १’.
• सर्व्हरकडून नकाराचा आकडा: ४०३, ४०५ किंवा ४२९.
• मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी चलनाची चिन्हं, ओळीच्या ओळी.
• ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’.
• काल चालत होतं, आज नाही, आणि कोडला कुणी हातही लावलेला नाही.

ही सगळी दुखणी वेगवेगळी वाटतात, पण मी प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारतो: रिक्वेस्ट कुठवर पोचली? घरातूनच निघाली नाही, वाटेत अडली, समोरच्या दारावरून परत आली, की आत जाऊन उत्तर घेऊन आली आणि ते आपल्याला वाचता आलं नाही? हे कळलं की शोधायची जागा एकदम लहान होते. खालची तपासणी फुकट आणि मिनिटाभराच्या गोष्टींपासून सुरू होते. क्रम मोडू नका. मी तो अनेकदा मोडलाय आणि दर वेळी संध्याकाळ वाया घालवलीय.

१. आधी चार ओळी छापा

एररचा लांबलचक पाढा आला की लोक पहिली ओळ वाचतात. पायथॉनमध्ये खरी गोष्ट शेवटच्या ओळीत असते. ती वाचा. मग वर सरकत जा आणि जिथे तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव दिसेल तिथे थांबा.

उत्तर आलं असेल, पण पुढे काही तरी फुटत असेल, तर रिस्पॉन्समधल्या चार गोष्टी छापा: स्टेटस कोड (सर्व्हरचा निकाल सांगणारा आकडा, २०० म्हणजे ठीक), अंतिम यूआरएल, ‘कंटेंट-टाइप’ हेडर (उत्तर कोणत्या प्रकारचं आहे ते सांगणारी ओळ) आणि मजकुराची पहिली ३०० अक्षरं. ‘एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू’वाला एरर बहुतेकदा इथेच उलगडतो. तुम्ही जेसन (डेटा लिहिण्याचा एक ठरलेला साचा) मागितलं होतं. आलं मात्र एचटीएमएलचं पान, नाही तर काहीच नाही. पहिलंच अक्षर जेसनचं नसल्यामुळे बिचारा पार्सर लाइन १ कॉलम १ वरच ठेचकाळतो. जेसनमध्ये चूक शोधत बसू नका, ते आलेलंच नाही.

ते एचटीएमएल कसलं आहे, हेही वाचा. कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर असाल तर ते त्या वाय-फायचंच लॉगिन पान असू शकतं, आणि स्टेटस मात्र २००. म्हणून ‘२०० आला म्हणजे झालं’ हे मनातून काढून टाका.

२. फाइलचं नाव

हसू नका. सर्क्युलर इम्पोर्टवाला एरर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुझ्या फाइलचं नाव काय? शिकताना माणूस सहज ‘रिक्वेस्ट्स डॉट पाय’ नावाची फाइल करतो. स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे पायथॉन आधी शोधतो, म्हणून ‘इम्पोर्ट रिक्वेस्ट्स’ म्हटल्यावर तो लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो. तिच्यात ‘गेट’ कुठून असणार? ‘जेसन डॉट पाय’, ‘ईमेल डॉट पाय’ ही नावंही तितकीच घातक, कारण ही मॉड्यूल्स खुद्द पायथॉनची आहेत आणि रिक्वेस्ट्सला आतून लागतात. शंका असेल तर इम्पोर्ट केल्यावर लायब्ररीचं ‘डबल-अंडरस्कोर फाइल’ छापा. तुमच्याच फोल्डरचा पत्ता दिसला की चोर सापडला.

३. कोणता पायथॉन?

एका लॅपटॉपवर तीन-तीन पायथॉन सहज असतात: एक सिस्टिमचा, एक ॲनाकोंडाचा, एक कधी तरी कोर्ससाठी टाकलेला. पिप एकात लायब्ररी टाकतं आणि एडिटर दुसरा चालवतो. लायब्ररी असते, पण शेजारच्या घरात. म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ लिहा, म्हणजे जो पायथॉन चालणार त्याच्यातच ती जाते. स्क्रिप्टच्या आत ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापलं की नेमका कोणता पायथॉन चालतोय ते कळतं.

डेबियन १२ किंवा उबुंटू २३.०४ पासूनच्या लिनक्सवर पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून हात वर करतं. हा बिघाड नाही. सिस्टिमचा पायथॉन सिस्टिमच्याच कामाचा आहे, तिथे ढवळाढवळ नको, असं ते सांगतंय. प्रोजेक्टसाठी ‘व्हेन्व्ह’ (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथॉन) करा. जबरदस्तीने पुढे जायचा पर्याय आहे; त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ आहे, यावरून काय ते समजा.

आणखी एक. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव दर वेळी एकच नसतं. ‘ब्यूटिफुलसूप४’ इन्स्टॉल होतं, पण इम्पोर्ट होतं ‘बीएस४’ या नावाने. ‘पिलो’ इम्पोर्ट होतं ‘पीआयएल’ नावाने. अंदाजाने नावं टाकून पाहू नका. लोकप्रिय लायब्ररीच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून घातक पॅकेज चढवून ठेवणारे महाभाग आहेत.

‘काल चालत होतं’वाल्यांनीही इथेच थांबावं. कोड बदलला नसेल, पण खालची लायब्ररी बदलली असेल. रिक्वेस्ट्स स्वतः ‘यूआरएललिब३’ या दुसऱ्या लायब्ररीवर उभी आहे. यूआरएललिब३ची दुसरी मोठी आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली आणि तिला ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीचं सॉफ्टवेअर) १.१.१ किंवा त्यापुढचं लागू लागलं. सेंटओएस ७ सारख्या जुन्या सर्व्हरवर १.०.२ होतं. नव्याने इन्स्टॉल केलं आणि इम्पोर्टलाच सगळं कोसळलं, असं पुष्कळांचं झालं, माझंही. तात्पुरता इलाज म्हणजे यूआरएललिब३ दोनच्या खाली बांधून ठेवणं, आणि कायमचा म्हणजे तो सर्व्हर बदलणं. चालतंय तोवर ‘पिप फ्रीझ’चं आउटपुट (लायब्ररी आणि त्यांच्या आवृत्त्यांची यादी) फाइलमध्ये जपून ठेवा. नाही तर ‘काल’ नेमकं काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

४. घड्याळ, वाय-फाय, प्रॉक्सी

सर्टिफिकेटचा (साइटच्या ओळखपत्राचा) एरर आला तर सगळ्यात आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला की मशीन बंद-चालू केल्यावर तारीख मागे जाते. सर्टिफिकेटला ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. मशीनच्या मते आज २०१५ असेल, तर कालच काढलेलं सर्टिफिकेटही त्याला खोटं वाटणार. सेल बदलायला फार पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेट प्रकरणात मी एकदा अर्धा दिवस घालवला आणि शेवटी चहा घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, “साहेब, याच्यावर जानेवारी का दाखवतंय?”

मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच स्क्रिप्ट चालवा. ही फुकटची चाचणी फार बोलकी आहे. हॉटस्पॉटवर चालली आणि ऑफिसात नाही, तर दोष ऑफिसच्या नेटवर्कचा. दोन्हीकडे पडली, तर दोष तुमचा किंवा समोरच्या सर्व्हरचा. हा निकाल लिहून ठेवा, पुढे लागेल.

प्रॉक्सीही (तुमच्या आणि सर्व्हरच्या मधला मध्यस्थ) पाहून घ्या. मशीनवर ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुणी कधी काळी लावून ठेवलं असेल, तर रिक्वेस्ट्स न विचारता तेच वापरते.

५. पत्ता, आणि वाटेत झालेली अदलाबदल

पत्त्यात प्रश्नचिन्हानंतरचे तुकडे हाताने चिकटवू नका. ‘पॅराम्स’मध्ये डिक्शनरी द्या. मोकळी जागा, ‘अँड’चं चिन्ह, देवनागरी अक्षरं यांचं एन्कोडिंग लायब्ररी स्वतः करते. पोस्ट करताना (गेट म्हणजे मागणं, पोस्ट म्हणजे माहिती पाठवणं) ‘डेटा’ आणि ‘जेसन’ यांत गल्लत होते. ‘डेटा’मध्ये डिक्शनरी दिली की ती वेबफॉर्मसारखी जाते; ‘जेसन’मध्ये दिली की जेसन होऊन, योग्य कंटेंट-टाइपसह जाते. सर्व्हर ४०० किंवा ४१५ म्हणत असेल तर आधी हे बघा.

एक खोडी मात्र भल्याभल्यांना चकवते. तुम्ही पोस्ट केलं आणि सर्व्हर म्हणतो ४०५, ही पद्धत चालत नाही. पत्ता नीट बघा. ‘एचटीटीपीएस’मधला शेवटचा ‘एस’ राहिलाय का? शेवटची तिरकी रेघ सुटलीय का? सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ देऊन बरोबर पत्त्याकडे वळवलं, आणि वळताना ब्राउझरसारखंच रिक्वेस्ट्सनेही पोस्टचं गेट करून टाकलं. पाठवलेला माल वाटेतच गळला. (३०७ आणि ३०८ मध्ये तसं होत नाही.) वळवून दुसऱ्याच होस्टवर नेलं, तर सुरक्षेसाठी ‘ऑथरायझेशन’ हेडरही (ज्यात तुमची ओळख पटवणारं टोकन असतं) काढून टाकला जातो, आणि तुम्ही ‘टोकन तर बरोबर आहे’ म्हणून डोकं आपटत बसता. रिस्पॉन्सची ‘हिस्टरी’ छापा. किती वळणं घेतली ते दिसेल.

६. गप्प बसलेली स्क्रिप्ट

रिक्वेस्ट्सला तुम्ही सांगितल्याशिवाय टाइमआउट, म्हणजे थांबायची मर्यादा, नसतो. समोरच्याने कनेक्शन घेतलं आणि उत्तरच दिलं नाही, तर ती अनंतकाळ वाट बघते. प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या. दोन आकडे देता येतात: पहिला जोडणीसाठी, दुसरा उत्तरासाठी. मी साधारण ३.०५ आणि ३० देतो. हा संपूर्ण डाउनलोडचा वेळ नव्हे, हेही ध्यानात असू द्या. दुसरा आकडा म्हणजे समोरून काहीही न येता जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं. थेंब-थेंब पाठवणारा सर्व्हर ३० सेकंदांच्या टाइमआउटमध्येही तासभर अडकवू शकतो.

टाइमआउट आला की पुढचा मोह म्हणजे पुन्हा प्रयत्न. गेट असेल तर बिनधास्त करा, दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत. पोस्ट असेल तर हात आवरा. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नाही. काम होऊन फक्त पोचपावती हरवलेली असू शकते. एका संस्थेच्या सभासदांना सभेची सूचना पाठवायची स्क्रिप्ट मी लिहिली होती. टाइमआउट आला की तीनदा प्रयत्न, अशी मोठ्या अभिमानाने सोय केली. एसएमएसवाल्यांचा सर्व्हर त्या दिवशी मंद होता, बंद नव्हता. सभासदांना तीच सूचना चार-चारदा गेली. एका आजोबांनी फोन करून विचारलं, “सभा चार दिवस आहे का हो?” यूआरएललिब३ची ‘रीट्राय’ सोय मुळात पोस्टला वगळते, ते याच कारणाने, मी ते हौसेने बदललं होतं. पैशांचा किंवा मेसेजचा मामला असेल तर समोरच्या एपीआयमध्ये ‘आयडेम्पोटन्सी की’ची सोय आहे का बघा. तीच की पुन्हा आली की सर्व्हर तेच काम दुसऱ्यांदा करत नाही.

७. दारावरून परत: ४०१, ४०३, ४२९

४०१ म्हणजे ओळख पटली नाही. टोकन संपलंय, किंवा ‘बेअरर’ हा शब्द आणि मधली जागा राहिलीय. ४२९ म्हणजे फार वेळा दार वाजवलंत. ‘रीट्राय-आफ्टर’ हेडर आला असेल तर तो सांगेल तितकं थांबा. लूपमध्ये स्लीप टाका.

४०३ला मात्र एकच कारण नसतं. रिक्वेस्ट्स स्वतःची ओळख ‘पायथॉन-रिक्वेस्ट्स’ अशी देते आणि काही साइट ती वाचूनच दार लावतात. ‘युजर-एजंट’मध्ये आपल्या प्रोजेक्टचं नाव आणि संपर्काचा ईमेल देणं सभ्यपणाचं, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं. लॅपटॉपवर चालतं पण क्लाउडवर नाही, असं असेल तर तो सर्व्हर कुठल्या देशात आहे बघा. आपल्याकडच्या काही सरकारी साइट परदेशी आयपीला दाद देत नाहीत. न्यू जर्सीत बसून गावाकडचे बाजारभाव ओढणाऱ्या मित्राला हे सांगेपर्यंत त्याने कोड तीनदा नव्याने लिहिला होता.

आणि स्टेटस २००, पान आलंय, पण त्यात हवा तो तक्ता नाही? ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ करा. तिथेही तो नसेल तर तक्ता नंतर जावास्क्रिप्ट भरतंय, आणि रिक्वेस्ट्स जावास्क्रिप्ट चालवत नाही. ‘ब्राउझरमध्ये तर उघडतंय’चं हे सगळ्यात सरळ उत्तर. डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ टॅब उघडून पान रिफ्रेश करा. तक्त्याचा डेटा कुठल्या तरी वेगळ्या पत्त्यावरून जेसनमध्ये येताना दिसतो. तोच पत्ता थेट वापरा.

८. मराठीची रांगोळी

हे आपलं खास दुखणं. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबाने पाच घटक आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण १५. सर्व्हरने कंटेंट-टाइपमध्ये नुसतं ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ म्हटलं आणि कॅरॅक्टर सेट सांगितला नाही, तर रिक्वेस्ट्स १९९९ सालच्या जुन्या नियमाप्रमाणे मजकूर ‘आयएसओ ८८५९-१’ समजते, आणि त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. झाली १५ चिन्हं. देवनागरीचा पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. म्हणून तो रेघवाला ‘ए’ आणि त्याच्यामागे चलनाचं किंवा येनचं चिन्ह पुन्हा पुन्हा दिसतं.

इलाज एका ओळीचा: ‘टेक्स्ट’ वाचण्याआधी रिस्पॉन्सचं ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ करा. किंवा ‘टेक्स्ट’ऐवजी ‘कंटेंट’, म्हणजे कच्चे बाइट, ब्यूटिफुलसूपला द्या. पानातला मेटा टॅग वाचून ते स्वतः ठरवतं. जेसनला सहसा हा त्रास होत नाही. बिघडलेला मजकूर आधीच साठवला असेल तर तो लॅटिन-१ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ मध्ये डिकोड करा, बऱ्याचदा परत मिळतो. नुसती प्रश्नचिन्हं उरली असतील तर मात्र अक्षरं गेली; पुन्हा डाउनलोड करा.

स्क्रीनवर नीट, पण सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की रांगोळी? तिथे रिक्वेस्ट्सचा काही संबंध नाही. फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने लिहा. सुरुवातीच्या खुणेवरून एक्सेल ओळखतं. जेसन फाइलमध्ये ‘यू०९२e’च्या धर्तीवरचे आकडे दिसले तर तोही बिघाड नाही; ‘एन्शुअर आस्की’ बंद करा.

चलनाची चिन्हं नाहीत, नुसतीच रोमन अक्षरांची खिचडी आहे, आणि साइट फार जुनी आहे? तर तो मजकूर युनिकोडच नाही. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टचा तो मजकूर, ज्यात रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. तिथे कुठलंही एन्कोडिंग लावून उपयोग नाही. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर हवा.

९. सर्टिफिकेट

घड्याळ बरोबर आहे, तरी एरर आहे. रिक्वेस्ट्स विंडोजची विश्वासू सर्टिफिकेटांची यादी वापरत नाही. ‘सर्टिफाय’ नावाच्या पॅकेजमधली स्वतःची यादी वापरते. म्हणून ब्राउझर हो म्हणतो आणि पायथॉन नाही. आधी सर्टिफाय अपग्रेड करा. ३० सप्टेंबर २०२१ला लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा जुन्या याद्या घेऊन बसलेली मशीन्स एका दिवसात आंधळी झाली होती.

आता हॉटस्पॉटचा निकाल काढा. फक्त ऑफिसात पडत असेल, तर ब्राउझरच्या पत्त्याशेजारून सर्टिफिकेट उघडा आणि ते कुणी दिलंय वाचा. तिथे कंपनीचं किंवा सुरक्षा सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर वाटेतली प्रॉक्सी पाकिटं उघडून पुन्हा स्वतःच्या शिक्क्याने बंद करतेय. तो शिक्का विंडोजला माहीत आहे, सर्टिफायला नाही. आयटीकडून मूळ सर्टिफिकेटची फाइल घ्या आणि तिचा पत्ता ‘व्हेरिफाय’मध्ये द्या. पायथॉन ३.१० किंवा पुढचा असेल तर ‘ट्रस्टस्टोर’ लायब्ररीने सिस्टिमची यादीही वापरता येते.

हॉटस्पॉटवरही पडत असेल, तर बहुधा सर्व्हरने साखळीतलं मधलं सर्टिफिकेट पाठवलेलं नाही. ब्राउझर ते कुठून तरी मिळवून वेळ मारून नेतात, पायथॉन नेत नाही. क्वालिसच्या एसएसएल लॅब्स चाचणीत तो पत्ता टाका. साखळी अपुरी असेल तर तसं स्पष्ट लिहून येतं.

‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ देऊन एरर घालवायचा सल्ला जागोजागी मिळतो. तसं केलंत तर समोर नेमकं कोण आहे हे न बघता पासवर्ड हातात देताय. मग इशारा येतो, मग लोक इशाराही बंद करतात.

कुठे थांबायचं

ऑफिसची प्रॉक्सी आडवी असेल तर आयटी विभागाला सांगा. वळसे घालू नका, नोकरी जाईल. साखळी अपुरी असेल तर दुरुस्ती साइटवाल्यांचीच. चाचणीचा निकाल जोडून त्यांना ईमेल करा. कॅप्चा आला, किंवा नीट ओळख देऊनही ४०३ कायम राहिला, तर त्यांना तुमची स्क्रिप्ट नकोय असा त्याचा अर्थ. अधिकृत एपीआय किंवा परवानगी मागा. ५०२, ५०३, ५०४ हे त्यांच्या घरातले बिघाड आहेत, तुमचा कोड बदलून ते जाणार नाहीत. आणि पेमेंट, आधार, रुग्णांची माहिती यांच्या जवळपास काम असेल आणि सर्टिफिकेट किंवा दुहेरी पोस्टचा प्रश्न असेल, तर प्रयोग न करता त्यातल्या जाणकाराला बसवा.

मदत मागताना स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नका. एररचा पूर्ण मजकूर, वरच्या चार छापलेल्या ओळी, पायथॉन आणि लायब्ररीची आवृत्ती, आणि हॉटस्पॉटचा निकाल एवढं पाठवा. टोकन झाकून पाठवा. चुकून कुठल्या ग्रुपवर किंवा गिटहबवर ते गेलंच, तर पोस्ट डिलीट करून भागत नाही. ते टोकन त्याच मिनिटाला रद्द करून नवं घ्या.